पाठीवरचा खोटा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. बोटभर लांब, हिरवी, अंगावर काळ्या चौकोनी चिपा आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. त्या रांगेत एका ठिकाणी खाच आहे. ती लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच सगळा गोंधळ होणार आहे. तुम्ही लॅपटॉपवर जे जे उघडता, ते मी हातात धरून उभी राहते. लॅपटॉप बंद केला की माझे हात रिकामे होतात.

जन्मले तेव्हा मात्र भरपूर उजेड होता. कारखान्यात तोंडाला फडकं बांधलेल्या एका बाईने मला तपासलं, माझ्या अंगावर माझी जात आणि नंबर छापलेला कागद चिकटवला आणि मला पुढे सरकवलं. मग एका लॅपटॉपच्या पोटात मला बसवलं. दोन्ही बाजूंनी खांदे आवळणारे चिमटे, वरून झाकण, झाकणाला स्क्रू. शेजारी आणखी एका पट्टीची जागा होती, ती रिकामीच राहिली. घर दोघींचं आणि राहणारी मी एकटी.

पहिली काही वर्षं मी एका विमा कचेरीत होते. तिथली माणसं म्हणायची, काय पळतो हा लॅपटॉप. पळत मी होते, कौतुक त्याचं व्हायचं. झाकणाआड असलेल्याचं नाव कोण घेतो? पुढे तो लॅपटॉप टेबलावरून पडला आणि दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथल्या मेकॅनिकने तीन मोडक्या लॅपटॉपांचा मिळून एक केला. मी आणि माझा बोर्ड जुनेच, पडदा दुसऱ्याचा, खालची पाठ तिसऱ्याची. त्या पाठीवर एका नव्या मॉडेलचं स्टिकर होतं. ते काढायचं कोणाला सुचलं नाही. मला आतून सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कशी? मला तोंडच नाही.

हा जोडलेला लॅपटॉप एका ट्रकवाल्या काकांनी घेतला. काकांचं सारं आयुष्य रस्त्यावर गेलेलं. एकदा माल उतरवताना पाय घसरून ते पाठीवर आपटले आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तेव्हापासून कमरेला पट्टा बांधून ते एका खोलीत होते. एक पलंग, एक खिडकी आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. तुरुंगात निदान फिरायला अंगण तरी असतं, असं ते काकूंना म्हणायचे. तिथे मागाल तेव्हा चहा मिळत नाही, असं काकू म्हणायच्या आणि कप पुढे करायच्या. काका हसायचे नाहीत. मित्रांनो, त्यांचं दुःख मला जितकं कळत होतं तितकं त्या घरात दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं.

एक दिवस त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. घरी बसून नकाशावर गाड्या बघायच्या आणि ड्रायव्हरांना फोनवरून रस्ता सांगायचा, असं काम निघालं होतं. सोमवारी एक दिवस करून दाखवायचं होतं. जमलं तर खुर्ची काकांची, नाहीतर ती दुसऱ्या कोणाला मिळणार होती. काकांनी त्या रात्री पोटभर जेवण केलं.

पण सराव करायला बसले तर मीच कमी पडले. नकाशा धरला, गाड्या धरल्या, पावसाची माहिती धरली, आणि माझे हात भरले. पडदा जागच्या जागी गोठला. चढावर ओव्हरलोड गाडी बसते तसा हा बसतोय, असं काका म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंच्या भाच्याने फोनवर सल्ला दिला की नवा लॅपटॉप परवडत नसेल तर रॅम वाढवा, आत एक जागा रिकामी असेल. काकांनी लॅपटॉप उलटा केला, पाठीवरचा नंबर वाचून दाखवला, आणि शनिवारी सकाळी काकू कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या नंबराला चालेल अशी पट्टी घेऊन आल्या.

स्क्रू निघाले. झाकण उघडलं. इतक्या वर्षांनी उजेड अंगावर आला आणि मी दिपून गेले. माझ्या शेजारच्या जागेवर नवी पट्टी आली. तिची खाच भलतीकडेच होती. ती माझ्या पुढच्या पिढीची, तिचं आमच्या जागेशी जमणंच शक्य नव्हतं.

काकांनी ती दाबली. बसेना. आणखी जोराने दाबली. बोर्ड कुरकुरला. जागा तुटली असती तर बोर्ड मेला असता आणि बोर्डाबरोबर काकांचा सोमवारही. ते घामाघूम झाले होते आणि तरी दाबत होते. मी चिमट्यांत अडकलेली, बघत राहण्यापलीकडे काही करू शकत नव्हते.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

“अहो, थांबा. जुनी गाडी घेताना दारावर काय रंगवलंय ते बघायचं नाही, इंजिनावरचा नंबर बघायचा, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? मग याच्या पाठीवरचं काय वाचत बसलात?”

काकांनी हात मागे घेतला. मग एकदम हसले, इतके की पट्ट्याखाली पाठीत कळ आली. त्यांनी नखाने माझे चिमटे बाजूला केले आणि मी टुणकन वर उठले. मोबाइलच्या उजेडात त्यांनी माझ्या अंगावरचा पिवळा पडलेला कागद अक्षर न अक्षर वाचला. काकूंनी त्याचा फोटो काढला आणि न बसलेली पट्टी घेऊन त्याच पावली दुकानात गेल्या.

परत आल्यावर त्यांनी तिथली हकिकत सांगितली. दुकानदार म्हणाला होता, जुनी काढून टाका आणि दोन्ही नव्या घ्या. हे ऐकताना माझा जीव टांगणीला लागला. काकूंनी त्याला बजावलं होतं की आतली चांगली चालते आहे, तिची जोडीदारीण तेवढी द्या. मग त्याने फोटो बघितला. नंबरातलं ‘थ्री’ म्हणजे पिढी आणि त्यापुढचं ‘एल’ म्हणजे कमी विजेवर चालणारी, दोन्ही जुळायला हवं, असं सांगून त्याने वापरलेल्या मालातून एक पट्टी शोधून दिली आणि वरचे पैसे परत केले. पण ही थोडी जास्त वेगाची आहे, जुनीच्या चालीनेच चालेल, असंही तो म्हणाला होता. ते चालेल का, असं काकूंनी काकांना विचारलं.

“चालेल की,” काका म्हणाले. “चार गाड्या एकत्र निघाल्या की सगळ्यात हळू गाडीच्या वेगानेच जायचं असतं. पोचतात सगळ्या.”

मला पुन्हा दाबून बसवलं. मग माझी जोडीदारीण तिरकी आत गेली, अलगद दाबली गेली, चिमटे टक्कन लागले. मग झाकण आलं, स्क्रू आले आणि पुन्हा तोच अंधार. फक्त आता शेजारी कोणीतरी होतं.

सोमवारी दुपारी एका ड्रायव्हरने घाबऱ्याघाबऱ्या फोन केला. पुढचा पूल बंद होता आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. आम्ही दोघींनी मिळून सगळा नकाशा धरून ठेवला. पडदा गोठला नाही. काकांनी त्याला शेतामागच्या एका जुन्या रस्त्याने वळवलं, वळणावळणाला सावकाश म्हणत. संध्याकाळी मॅनेजरने सांगितलं की उद्यापासून ही खुर्ची तुमची. काकूंनी न मागता चहा केला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूला काही जोडायचं असेल तर आधी ती उघडा आणि आत कोण आहे ते वाचा. आम्हाला हात लावण्यापूर्वी लॅपटॉप बंद करा, बॅटरी काढा. बसत नसेल तर जोर करू नका. आणि जी अजून काम करते आहे तिला केवळ जुनी म्हणून फेकू नका.

त्या रात्री काकांनी लॅपटॉप पुन्हा उलटा केला. पाठीवरचं खोटं स्टिकर नखाने खरवडून काढलं. औषधाच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी त्या जागी लावली आणि तिच्यावर पेनाने माझा नंबर लिहिला, थ्री आणि एल सकट. स्क्रू घट्ट आहेत, अंधार तसाच आहे. पण मी आत आहे, हे आता बाहेर लिहिलेलं आहे.