शांतम्माचा शोषखड्डा

कल्लप्पानं लोखंडी पहार तिप्पण्णाच्या उजव्या मनगटावर घातली, तेव्हा शांतम्मा भिंतीच्या अलीकडं संडासाच्या दारात बांबूची कामटी धरून वाकली होती. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज तिनं ऐकला. मग तिप्पण्णाचं ओरडणं आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या घावाचा दबका आवाज. ती कामटी टाकून पळाली. वळसा घालून मागच्या अंगणात पोचली तोवर तिप्पण्णा चेंबरच्या झाकणावर आडवा पडला होता आणि कल्लप्पा त्याच्या बरगडीत लाथा घालत होता. तिनं तिप्पण्णाला काखेत हात घालून ओढलं. त्या ओढाताणीत एक लाथ तिच्या पोटात बसली.

तिप्पण्णा नळाची कामं करणारा, पन्नाशीचा माणूस. बावीस वर्षं गिरणीच्या पाणीखात्यात काढून आता घरोघरी तोट्या नि संडास दुरुस्त करत हिंडायचा. कल्लप्पाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. तो आला होता शांतम्माच्या बोलावण्यावरून.

बाळीवेशीमागच्या गल्लीत ते घर होतं. पुढचा अर्धा भाग थोरल्या शिवप्पाचा, मागचा धाकट्या कल्लप्पाचा. तीन वर्षांपूर्वी शिवप्पा काविळीनं गेला. पुढच्या भागात राहिल्या त्याची बायको शांतम्मा आणि आई सिद्धम्मा. शांतम्माला मूलबाळ नव्हतं. ती उखळात शेंगाची चटणी कुटायची, गल्लीतल्या नि बाजारातल्या दुकानांना द्यायची आणि सासूला सांभाळायची. कल्लप्पाला रस्त्याकडचा तो पुढचा भाग हवा होता, मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान काढायला. आधी त्यानं गोडीनं मागितला, मग दारात उभं राहून शिव्या देऊन. शांतम्मा हलली नाही. थोरली सून आपल्याकडंच राहणार, हे सिद्धम्मानंही चार माणसांत सांगितलं.

दुष्काळ सरला त्या साली टोपलीचे संडास बंद झाले आणि शिवप्पानं घरात भांड्याचा नवा संडास बसवला होता. त्याची लाइन भिंतीखालून कल्लप्पाच्या अंगणातल्या चेंबरमध्ये जायची, तिथून टाकीत. त्या वेळी दोघं भाऊ एकत्र होते, कुणाला काही वाटलं नाही. पुढं सिद्धम्मा मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला उकिडवं बसता येईना. मग शांतम्मानं एका लाकडी खुर्चीची बैठक गोल कापून घेतली आणि ती भांड्यावर ठेवली. म्हातारी त्यावर बसायची.

आणि मग एका सकाळी भांड्यात ओतलेलं पाणी खाली जाईना. काठापर्यंत चढलं, तासाभरानं थोडं उतरलं. दोन दिवसांनी तेही उतरेना. वासानं घर भरलं. सिद्धम्मासाठी बादली ठेवावी लागली, आणि बादली धरताना म्हातारी भिंतीकडं तोंड करून रडायची.

तिप्पण्णा आला तो घाई न करता. त्यानं आधी उंचावरून एका दमात बादली ओतून पाहिली. मग काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा गच्च बांधून भांड्याच्या तोंडात वरखाली दाबला, म्हणजे वाऱ्याच्या दाबानं अडकलेलं सुटतं. सुटलं नाही. तारेचा आकडा करून वळणात फिरवला, हाती काही लागलं नाही. मग त्यानं बांबूच्या लांब कामट्या एकीला एक बांधून आत सारल्या आणि प्रत्येक हात मोजत गेला. अकराव्या हाताला कामटी थांबली. त्यानं टोक हलवून दोनदा ठोकलं आणि शांतम्माला जवळ बोलावलं. फडकं असतं, घाण असती तर मऊ लागलं असतं, असं त्यानं तिला समजावलं. हे टणटण वाजतंय. अकरा हात म्हणजे भिंतीपलीकडं, चेंबरच्या तोंडाशी. तिला कामटी धरायला लावून, चेंबर उघडून बघतो म्हणून तो मागच्या अंगणात गेला. पुढचं सगळं त्या अंगणातच झालं.

सरकारी दवाखान्यात त्याच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. चौकीवर हवालदारानं कागद लिहून घेतला, पण कल्लप्पानं आधीच येऊन सांगितलं होतं की परका माणूस न विचारता अंगणात शिरला, बायकामाणसं एकटी होती. हवालदारानं शांतम्माला घरचं भांडण घरात मिटवायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कल्लप्पाची बायको शरणम्मा धुणं वाळत घालायच्या निमित्तानं भिंतीपाशी आली. तिनं वर न बघता, ओठ न हलवल्यासारखं सांगितलं की चेंबरच्या तोंडात सिमेंट ओतलंय, अर्धं पोतं, भिजवून. आणि लगेच निघून गेली.

तेवढंही कुणीतरी पाहिलं असावं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मागच्या घरात पट्ट्याचा आवाज सुरू झाला. शरणम्मा ओरडली नाही, तेच शांतम्माला सहन होईना. नुसता पट्टा, आणि मध्येच भांडं पडल्याचा आवाज, आणि पुन्हा पट्टा. तिनं मधलं दार ठोठावलं, धक्के दिले, ते आतून बंद होतं. सिद्धम्मा खाटेवरून कानडीत लेकाच्या नावानं बोटं मोडत राहिली. दुसऱ्या दिवशी शरणम्माचा एक डोळा मिटलेला होता आणि तिला पाठ टेकवून बसता येत नव्हतं.

शांतम्मा तिप्पण्णाच्या घरी गेली. आपल्यापायी त्याचा हात गेला, हे तिला खात होतं. पण तिनं माफी मागितली नाही. एकच गोष्ट विचारली. त्या चेंबरला हात न लावता संडास चालू करता येईल का?

तिप्पण्णा म्हणाला, "येतो की. लाइन तुमच्याच हद्दीत तोडायची नि पुढं वळवायची. दारातल्या अंगणात शोषखड्डा खणायचा. पण गडी कुटला मिळणार अक्का? त्याच्या भयानं कुनी येनार न्हाय."

"तुमी बसून सांगा," शांतम्मा म्हणाली. "मी खणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पदर खोचला. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून तिप्पण्णा उंबऱ्याजवळ पाटावर बसला. भिंतीपासून चांगलं लांब त्यानं चुन्यानं गोल आखून दिला, चार हात रुंद. वरचे दोन हात काळी माती, ती सहज निघाली. खाली मुरूम लागला. मुरूम लागला ते बरं झालं, असं तिप्पण्णा म्हणाला. मुरूम पाणी पितो. पण तो पहारेनं एकेक वीत फोडावा लागे. शांतम्माचे दंड चटणी कुटून कुटून कसलेले होते. पहार उभी उचलायची, सरळ खाली सोडायची, हे तिला शिकवावं लागलं नाही. येणारे-जाणारे थांबून बघत. बाईमाणसानं संडासाचा खड्डा खणावा, हे काही जणांना पटलं नाही. एकानं तसं तोंडावर सांगितलं. तिनं घमेलं त्याच्या पायाशी ओतलं.

रात्र झाली की तिप्पण्णा घरी जायचा आणि ती सासूची बादली नेऊन टाकायची. तळहाताची सालं निघाली होती. त्यावर ती तेल नि हळद लावून फडकं बांधायची.

चौथ्या दिवशी दुपारी खड्डा तिच्या खांद्यापर्यंत आला होता. तिप्पण्णा विटांच्या हिशेबासाठी वखारीत गेला होता. आधी आणलेल्या दीडशे विटा काठावर रचून ठेवल्या होत्या. शांतम्मा वाकून मुरूम घमेल्यात भरत होती, तेव्हा पहिली वीट तिच्या डाव्या खांद्यावर आदळली.

तिनं वर पाहिलं. कल्लप्पा काठावर उभा होता. दारूचा वास नव्हता, चेहरा शांत होता. त्यानं दुसरी वीट उचलून तिच्या तोंडावर फेकली. भुवई फाटली आणि रक्तानं डोळा भरला. तिसरी पाठीत बसली. धान्याची पोती रचावीत तशी तो एकामागून एक वीट उचलत होता. मग त्यानं अख्ख्या ढिगालाच पाय लावला. ढीग कोसळला तर आपण या खड्ड्यातच राहू, हे शांतम्माला कळलं. तिनं त्याचा दुसरा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा सगळा भार देऊन खाली ओढला.

तो पाठीवर आपटून खाली घसरला. पाच-पन्नास विटा त्याच्यासोबत आल्या. खड्डा दोघांना पुरेसा नव्हता. त्यानं तिला भिंतीशी दाबून गळा धरला, अंगठे खाली रुतवले. तिच्या कानात पाण्याच्या नळासारखा आवाज सुरू झाला. तिनं गुडघा वर मारला, त्याची पकड सैल झाली, तो विटांवरून घसरून बसता झाला. तिच्या हाताला पहार लागली. फिरवून मारायला जागा नव्हती. तिनं ती दोन्ही हातांनी उभी उचलली आणि मुसळ सोडावं तशी खाली सोडली.

पहार गुडघ्यावर बसली. तो ओरडला आणि त्याचे हात गळून पडले. तिनं पुन्हा उचलली आणि पुन्हा त्याच जागी सोडली. पहिला घाव जीव वाचवायला होता. दुसऱ्याची गरज नव्हती, आणि हे तिला तो सोडतानाही ठाऊक होतं.

काठावर शरणम्मा उभी होती. ती कधी आली, कुणालाच कळलं नाही. कल्लप्पानं तिच्याकडं हात वर केला. तिनं त्या हाताकडं पाहिलं, मग आत जाऊन शिडी आणली आणि ती शांतम्माच्या बाजूला सोडली.

"या अक्का, वर या," ती म्हणाली.

कल्लप्पाला गल्लीतल्या लोकांनी दोरानं बाहेर काढलं. शांतम्माच्या भुवईला सात टाके पडले. या वेळी हवालदार घरी आला. कल्लप्पाच्या बाजूचे दोन-तीन जण, बाईनं दिराला खड्ड्यात ओढून मारलं, असं सांगू लागले. हवालदार लिहू लागला तेव्हा सिद्धम्मानं खाटेवरून त्याला हाक मारली. खुर्ची दाखवली, बादली दाखवली आणि आजवर कुणी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते बोलली.

"माज्या लेकानं माजा संडास सिमेंटनं बुजवलाय. मी त्याची आई हाय. हे लिव्हा आदी."

हवालदारानं चेंबर उघडवलं. आत दगड झालेलं सिमेंट होतं. दोन्हीकडून केसेस झाल्या, वर्षभर तारखा पडल्या आणि शेवटी तडजोड झाली. कल्लप्पाचा गुडघा पुढं कधीच वळला नाही. शांतम्माला त्याचं समाधान वाटायचं, आणि समाधान वाटतं याची भीतीही वाटायची. कुंकवाच्या जागी विभूती लावताना हात मध्येच थांबायचा.

टाके ओले असतानाच तिनं खड्डा पुरा केला. तिप्पण्णा सांगत गेला तसा: विटांचं कडं सिमेंटशिवाय, दोन विटांत बोटभर फट, म्हणजे पाणी बाजूच्या मुरुमात जिरेल. पाइपाला दर हाताला बोटभर उतार. उतार बघायला तिनं बाटलीत अर्धं पाणी भरून ती पाइपावर आडवी ठेवली. सांध्यांत तागाची सुतळी ठासून वर सिमेंटचा लेप दिला. भांड्याखालच्या वळणात पाणी थांबलं पाहिजे, हे त्यानं तीनदा बजावलं. ते पाणी म्हणजेच दार, त्याच्यामुळं वास वर येत नाही. चार दिवस सिमेंट वाळू दिलं. पाचव्या दिवशी तिनं बादली ओतली. पाणी गोल फिरलं, घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि भांडं स्वच्छ राहिलं. सिद्धम्माला तिनं उचलून खुर्चीवर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

शरणम्मा त्याच आठवड्यात आपली ट्रंक घेऊन पुढच्या भागात आली. लोक कुंभारीला माहेरी जा म्हणत होते. तिनं नाही म्हणून मान हलवली. मधलं दार शांतम्मानं विटांनी बांधून काढलं.

एक गोष्ट मात्र तिनं हिशेबात धरली नव्हती. दुकानदारांनी तिची चटणी घेणं बंद केलं. कुणी स्पष्ट बोललं नाही. शिल्लक आहे, खप नाही, पुढच्या महिन्यात बघू. संडासात घातलेले हात उखळात नकोत, हे शेवटी बाजारातल्या एका म्हातारीनं सांगून टाकलं. मग शरणम्मा कुटू लागली, तिच्या नावावर चटणी पुन्हा गेली. उखळ तेच होतं.

शांतम्मा घरी बसून राहिली ती दीड महिना. मग एक दिवस तिप्पण्णा आला. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडं जुळलं होतं आणि मुठीत पाना राहत नव्हता. त्यानं तो तिच्यासमोर पायरीवर ठेवला.

"नजर हाय, हात न्हाय," तो म्हणाला. "तुमी येताय का?"

पहिलं काम रेल्वे लाइन्सकडं एका बँकेतल्या कारकुनाच्या घरी निघालं. संडासावरच्या साखळी ओढायच्या टाकीतून दिवसभर पाणी गळत होतं. कारकुनानं दारात बाई बघून तिप्पण्णाकडं वळून विचारलं की काम कोण करणार. तिप्पण्णानं डाव्या हातानं स्टूल टाकीखाली सरकवलं. शांतम्मा स्टुलावर चढली, झाकण बाजूला केलं आणि तरंगता गोळा धरून, कान लावून हलवला. आत पाणी खळखळत होतं. गोळ्याला भोक पडलं होतं, म्हणून तो वर तरंगत नव्हता आणि तोटी बंद होत नव्हती.

तिनं गोळा फिरवून काढला, खाली तिप्पण्णाच्या डाव्या हातात दिला आणि कारकुनाच्या बायकोला पाण्याचा मुख्य नळ कुठं आहे ते विचारलं.