खिडकीतली फळी

थोरली सकाळपासून वेलींवर जाळी चढवत होती. घड रंगावर आले की ते पाखरांना आधी कळतं आणि माणसाला मागाहून, म्हणून हे काम त्याच आठवड्यात उरकायला हवं होतं. दुपारचे चार वाजून गेले होते. मुरूम असा तापला होता की चपलेच्या तळव्यातून पाय भाजत होते. जाळीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं नवऱ्याच्या. मधे तीस वेली आणि तीस वर्षांचा संसार.

तेवढ्यात पाऊलवाटेवरून एक जोडपं वर आलं. डोक्यावर टोप्या, हातात कागदी नकाशा. सहा घरांच्या सहा द्राक्षबागांतून फिरणारी ती वाट, आणि प्रत्येक बागेच्या तोंडाशी नंबर घातलेला दगड. खाली द्राक्षं तोलायच्या जुन्या काटाघरात सहा घरांची मिळून एक खोली होती. पाहुण्यांनी तिथं सगळ्यांच्या वाइनी चाखायच्या, आवडेल त्या बागेकडे चालत जायचं, असा रिवाज. सहा नंबरच्या मास्तरांनी खोलीवर ‘सामायिक रसास्वाद दालन’ अशी पाटी लावली होती. बाकी सगळे तिला चाखायची खोलीच म्हणत.

जोडपं चार नंबरच्या दगडापाशी थबकलं.

“हीच ना सोडायची?” बाईनं विचारलं.

“हो, आंबटवाली. चल पुढं, पाचला.”

थोरलीनं हातातली जाळी सोडली. नवरा तिकडे टोक धरून तसाच उभा राहिला.

“पाहुणे, जरा थांबा. आंबटवाली कोण म्हणालं?”

पुरुष ओशाळला. “खोलीत गृहस्थ होते ते. म्हणाले, चारला चढ फार आणि वाईन आंबट. उगीच पाय मोडून घेऊ नका.”

“तुम्ही चाखलीत ना? तुम्हाला कशी लागली?”

बाई नवऱ्याकडे बघत म्हणाली, “रागावू नका हं. आंबट नाही, मला शिळी लागली. मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून ढवळावं, तशी.”

आंबट म्हटलेलं थोरलीनं पचवलं असतं. जीभ ज्याची त्याची. पण शिळी? पिंपातून बाटलीत तिनं स्वतःच्या हातानं भरलेली वाईन ती. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, त्यालाच हात पुसले आणि उतार धरला.

“अगं, जाळी...” मागून नवरा म्हणाला.

“धरून ठेवा,” ती म्हणाली.

आज खोलीत बसायची पाळी कोणाची, हे तिला ठाऊक होतं. रविवारी गल्ल्यामागं तिचा दीर असायचा. पाच नंबरची बाग त्याची. वाटण्या झाल्या तेव्हा धाकटा म्हणून पहिली निवड त्याला दिली होती. त्यानं खालची काळी जमीन घेतली, विहिरीसकट. वरचा दगडमुरूम थोरल्याच्या पदरात पडला. तेव्हा धाकटा घरी जाऊन हसला होता म्हणे. पण द्राक्षाची जात उफराटी. काळ्या मातीत वेली माजल्या, पानच पान झालं, घड पाण्यासारखे पचपचीत निघाले. मुरमात वेल उपाशी राहिली आणि बारीक, घट्ट, काळे मणी धरून बसली. पाहुणे चारला थांबायला लागले. ज्यानं निवडून घेतलं त्याला दोष तरी कुणाला देता येणार? मग त्यानं तो वहिनीला दिला.

खोलीत सात-आठ पाहुणे होते. धाकटा पेले पुसत होता.

“या वहिनी. आज तुमची पाळी नाही.”

“पाळी नाही. गिऱ्हाईक म्हणून आलेय. चार नंबरची द्या थोडी.”

“तुमचीच?”

“माझीच. बघू तरी, किती आंबट झालीय.”

पाहुणे वळून बघायला लागले. धाकट्यानं खिडकीतल्या फळीवरची उघडी बाटली उचलली आणि अर्धा घोट ओतला. थोरलीनं तो तोंडात फिरवला आणि थुंकायच्या बादलीत टाकला. पाहुणी खरं बोलत होती. वाईन मेलेली होती.

मग तिनं फळीवरची बंद बाटली हातात घेतली. काच ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी लागली. बूच आतून सरकून वर आलं होतं, कडेनं चिकट ओघळ वाळला होता. तिनं वर पाहिलं. खिडकी पश्चिमेची. दसऱ्याआधी भिंती रंगवायला काढल्या तेव्हा फळ्या उतरवल्या होत्या. पुन्हा लागल्या त्या वेळी चार नंबरची फळी इथं खिडकीत आली होती. पाच महिने ती या फळीवर आपल्या हातानं बाटल्या मांडत होती, पण तिची पाळी सकाळची. ऊन यायच्या आत ती घरी गेलेली असायची.

“काय झालं?” धाकट्यानं विचारलं. “चव बोलते वहिनी. मी कुठं काय बोलतो?”

“कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात हे ऐकलं होतं भाऊजी. दिरालाही लागतात हे आज कळलं.”

कोणीतरी पाहुणा फिसकन हसला. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बुधवारी बैठक आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “नवा नकाशा छापायचाय. पाच बागांचा. तक्रारी फार आल्यात. तेव्हा काय ते बोला.”

ती बाटली काखेत मारून घरी आली. नवऱ्यानं एकट्यानं दोन ओळींवर जाळी चढवली होती, वाकडी. तिनं सगळं सांगितलं. तो बराच वेळ बाटलीचं बूच अंगठ्यानं दाबत राहिला.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “आपलेच दात, आपलेच ओठ.”

“दात त्याचे आणि ओठ माझे. म्हणून तुम्हाला दुखत नाही.”

रात्री तो जेवला कमी.

बुधवारी तीनला बैठक बसली. अध्यक्ष मास्तर, सहा नंबर त्यांचा. एक आणि दोन नंबरचे मावसभाऊ, कायम एकमेकांच्या तोंडाकडे बघून मान हलवणारे. तीन नंबरचा सुतार. धाकटा पुढं, नव्या नकाशाचा कागद मांडीवर घेऊन. थोरली आली ती दोन बाटल्या घेऊन, मागं नवरा. तो दारापाशीच टेकला.

मास्तरांनी घसा साफ केला. “बाई, वाईट वाटून घेऊ नका. एकाच्या वाइनीमुळं सगळ्या वाटेचं नाव जातं. तेव्हा यंदापुरतं चार नंबर...”

“जरा थांबा मास्तर.”

“कशासाठी?”

“ऊन यायचंय अजून.”

सगळे खिडकीकडे बघायला लागले. थोरलीनं घाई केली नाही. तिनं सात पेले मांडले, पुसलेले पुन्हा पुसले. साडेतीनच्या सुमाराला उन्हाची तिरीप फळीच्या टोकावर आली. हळूहळू सरकत गेली आणि चारच्या आत तिच्या सगळ्या बाटल्या दिव्यासारख्या पेटून लाल दिसायला लागल्या. बाकी पाच फळ्या सावलीत गार.

मग तिनं बुचं काढली. “ही या फळीवरची. ही माझ्या तळघरातली. एकच वर्ष, एकच पिंप, एकाच दिवशी भरलेली. चाखा.”

चाखली. मावसभावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि या खेपेला मान हलवली नाही. मास्तरांनी तळघरातली पुन्हा तोंडाला लावली आणि सगळी संपवली. वाईन थुंकायचा नियम त्यांनीच केला होता.

“फळ्या कोणी ठोकल्या?” थोरलीनं विचारलं.

सुतार खाली बघत म्हणाला, “मी. धाकट्यानं बोट दाखवलं तिथं. ऊन येतं ते दिसत होतं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“दीर-भावजयीचं भांडण. मधे कोण हात घालणार, वहिनी?”

“हात घातलातच की. हातोडीसकट.”

धाकटा उसळला. “अरे, पण उन्हाचा काय संबंध? बाटली बंद असते. ऊन काय बूच काढून आत शिरतं? हिची वाईनच तसली. नाचता येईना अंगण वाकडं.”

“उन्हानं काही होत नाही म्हणता?”

“काही होत नाही.”

“मग मिटलंच की,” थोरली म्हणाली. “मास्तर, लिहून घ्या. आजपासून भाऊजींच्या बाटल्या या फळीवर, माझ्या त्यांच्या फळीवर. चार नंबर नकाशात राहील. सुगीनंतर परत चाखू. तेव्हा माझी वाईट निघाली तर मी स्वतः दगडावरचा नंबर खरवडून टाकते.”

ती उठली आणि धाकट्याच्या फळीवरच्या दोन बाटल्या उचलून खिडकीकडे निघाली.

“ठेवा त्या खाली.” धाकटा आडवा आला. “माझा माल मी उन्हात ठेवू देणार नाही. वर्षाची मेहनत आहे. महिन्याभरात नासून जाईल सगळी.”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आपण काय बोललो हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं दारात बसलेल्या भावाकडे पाहिलं. नेहमी तो भावामुळंच सुटायचा.

थोरला खाली बघत होता. म्हणाला, “मी ‘जाऊ दे’ म्हणणार होतो रे. आता कसं म्हणू?”

“चोराच्या मनात चांदणं,” सुतार पुटपुटला. थोरली त्याच्याकडेही फिरली. “तुम्ही बोलू नका. पाच महिने तुमच्या मनात काय होतं ते कळलंय मला.”

माफी कोणी मागितली नाही. खिडकीतली फळी उखडली, तिथं पाण्याचा माठ आला, आणि नकाशा सहाच बागांचा छापला गेला. थोरलीनं नव्या फळीवर नव्या बाटल्या मांडल्या. मास्तरांनी आपणहून तिला दुपारची पाळी देऊ केली. तिनं ती घेतली, पण त्यांच्याशी हसून बोलायचं सोडलं ते सोडलंच.

धाकटा गप्प बसणारा नव्हता. चार नंबरवरून पाच नंबरला जायची वाट त्याच्या बांधावरून होती. आठवडा उलटायच्या आत त्यानं बांधावर खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. बांध त्याचा, कोण काय बोलणार? आता पाहुण्यांना चारवरून पाचला जायचं तर पुन्हा खाली सडकेवर उतरून, ओढ्याला वळसा घालून, तासभर पायपीट. चारला जाल तर भोगाल, असा त्याचा हिशेब.

पण चढ चढून आलेला माणूस तारेपाशी यायचा, खालचा लांबचा रस्ता बघायचा आणि म्हणायचा, मरू दे पाच नंबर. थोरलीच्या मांडवाखाली दोन बाकं होती. लोक तिथं टेकायचे, घागरीतलं गार पाणी प्यायचे, मग वाईन मागायचे, दुपार तिथंच घालवायचे. पाच नंबरच्या फाटकात कुत्रं झोपायला लागलं. सुगी संपेपर्यंत त्यानं कुणावर भुंकल्याचं ऐकू आलं नाही.

वाळलेल्या पानांचे ढीग लावत असताना एका सकाळी थोरलीला बांधावर आवाज आला. धाकटा एकटाच तार गुंडाळत होता. हाताला ओरखडे. एक खांब मुरमात असा घट्ट बसला होता की निघता निघेना. तो हलवायचा, थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा. वर मात्र बघायचा नाही.

थोरल्यानं पानं खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं. ती ढीग लावतच राहिली. तो बांधावर गेला आणि त्यानं खांबाला दुसऱ्या बाजूनं हात घातला. दोघांनी खांब उपटला, मग दुसरा, मग तिसरा.

थोरली काम सोडून बांधापर्यंत आली. दीर हाताच्या अंतरावर उभा होता, पण ती बोलली नवऱ्याशीच, मोठ्यानं.

“त्यांना सांगा, खड्डे नीट बुजवून जायचं. कुणा पाहुण्याचा पाय मुरगळला तर तो पाचऐवजी परत माझ्याच बाकावर येऊन बसेल.”

धाकट्यानं फावडं घेतलं आणि पहिल्या खड्ड्यात माती लोटली.