निळा धागा

“तिला काय इचारता मॅडम? ती निस्ती निंदायला येती,” मच्छिंद्र म्हणाला. मिरचीच्या सरीत चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली दैवशाला नवऱ्याकडं बघतच राहिली.

धावडा गावच्या या अर्ध्या एकरात नऊ वर्षं झाडं तिनं निवडली होती. मर रोगात टिकलं, त्याला गोधडीच्या रिळाचा लाल धागा. ज्याची मिरची वाळल्यावर पांढरी पडते, त्याला निळा. त्याचं बी धरायचं नाही. मच्छिंद्र तेव्हा मेळाव्यांतून भाषणं करायचा. फाटकावर ‘संशोधक शेतकरी’ अशी पाटीही त्यानं लावून घेतली. खिळे तिनं ठोकले.

आज कृषी विद्यापीठाच्या साधना मॅडम चाचणीसाठी बियाणं न्यायला आल्या होत्या. चाचणीत उतरलं, तरच वाण नोंदला जाणार होता.

“हे धागे कशाचे?”

“निशाणी हाये. पद्धतशीर काम असतंय आपलं.” तो सगळ्यात उंच, लगडलेल्या झाडापाशी गेला. “ह्याच्या घ्या. एक नंबर.”

फांदीवर निळा धागा होता.

“अवो, ते निळं...”

“तू कप गोळा कर. शिकल्या माणसात मधी बोलू न्हाई.”

मॅडमनी पिकल्या मिरच्या तोडून पाकिटात भरल्या. वर ‘संशोधक’पुढं एकच नाव लिहिलं. मग मान वर केली. “ताई, तुम्ही काही म्हणत होता?”

दैवशालानं नवऱ्याकडं पाहिलं. तो पाकिटावरचं नाव वाचत होता.

“न्हाई. चहात साखर कमी पडली का, इचारत होते.”

जीप वळणाआड गेली तसा मच्छिंद्रनं मेळावे भरवणाऱ्या पुढाऱ्याला फोन लावला. “बिलकुल पक्कं झालं, काकासाहेब! नऊ वर्षं राबून राह्यलो मी!” फोन ठेवून म्हणाला, “बराबर दिल्या ना गं मिरच्या?”

“मला काय कळतंय? मी निंदायला येते.”

तो हसला. त्याला वाटलं, रुसली.

तिनं लाल धाग्याच्या झाडांच्या मिरच्या पदराच्या ओट्यात तोडल्या. आठ दिवसांनी बी वाळलं. दरवर्षी बी ठेवायच्या बरणीवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: ‘मच्छिंद्रची मिरची’. ती तिनं नखानं खरवडली. कागद निघाला, डिंकाचा डाग राहिला. बी भरून बरणी तिनं फळीवर ठेवली, डाग भिंतीकडं करून.