बारक्याकडचं हवामान

थोरल्याने आईच्या डोळ्यावरची पट्टी हलकेच वर केली, बाटली तिरपी धरली आणि थेंब टाकला. तो पापणीवर आपटून गालावरून घरंगळला.

"नेम बघा याचा," आई म्हणाली. "आणि म्हणे काच कापताना केसाचाही फरक पडत नाही!"

"काच हलत नाही. तू हलतेस."

"मी जागची हललेले नाही. तुझा हात हलला."

हात हलला होता खरा. पलंगाशेजारच्या स्टुलावर आईचा फोन पडला होता, तो नेमका त्याच वेळी उजळला होता आणि त्यावर नाव आलं होतं, बारक्या. फोन आलेला नाही, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. धाकट्या भावाचा फोन दोन वर्षांत एकदाही आला नव्हता. तरी ते नाव उजळलं की दर वेळी त्याला क्षणभर फोनच आलाय असं वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा. नावाखाली एवढंच लिहिलेलं असायचं, की ऊन आहे, ढगाळ आहे किंवा थोड्या वेळात पाऊस येईल. आत्ता पाऊस येणार होता. त्याने फोन पालथा घातला आणि दुसरा थेंब नीट टाकला.

ही सगळी बारक्याची करणी. घर सोडून गेला त्या सकाळी त्याने आईच्या फोनच्या होम स्क्रीनवर, अगदी मधोमध, हवामानाची एक पट्टी बसवून दिली. तिच्यात गावाच्या नावाच्या जागी आपल्याला हवं ते नाव घालता येतं, म्हणून त्याने स्वतःचं घातलं. घरात त्याला त्याच्या खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे, तेव्हा घातलं तेही बारक्या असंच. लांब, समुद्राकाठच्या एका थंड गावात काम मिळालंय, असं त्याने सांगितलं होतं. फोन करणार नाही म्हणाला. यात बघत जा, म्हणजे माझं कसं चाललंय ते कळेल.

बिचारी आई तेच धरून बसली. सकाळी उठली की आधी चष्मा, मग फोन. "बारक्याकडे आज ऊन आहे हो," असं स्वयंपाकघरात येऊन थोरल्याच्या बायकोला सांगायची, जणू काही पोरगा रात्री जेवायलाच येणार आहे. ढग असले की तिचंही तोंड उतरायचं. एकदा धाकट्या नातीने फोनशी खेळता खेळता कॅल्क्युलेटर कुठेतरी घालवला, तेव्हापासून तर आईने फर्मानच काढलं होतं. त्या पट्टीला कुणी बोट लावायचं नाही. लावलं तर बारक्या जाईल. सून तोंडाला पदर लावून हसायची. थोरला हसायचा नाही. तो त्या पट्टीकडे बघायचाच नाही.

पण आईचं ऑपरेशन झालं आणि तो कचाट्यात सापडला. तिच्या एका डोळ्याची नजर आधीच गेलेली होती, आता दुसऱ्यावर पट्टी. सून दिवसभर कामावर. मग आईला थेंब टाकायचे ते थोरल्याने, आणि बारक्याकडचं हवामान वाचून दाखवायचं तेही थोरल्यानेच. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की रडायचं नाही, डोळ्यावर ताण येता कामा नये. पहिले काही दिवस तो अगदी रेल्वेतल्या घोषणेसारखं वाचायचा. "एकतीस. निरभ्र." एवढं म्हणून फोन ठेवून द्यायचा. थंड गाव म्हणे, असं एकदा मनात येऊन गेलं होतं, पण बारक्याचा विचार करायचा नाही असं ठरवलेलं असल्यामुळे तोही त्याने पुढे नेला नाही.

ठरवून काय होतं म्हणा. विचार यायचाच.

वडील, तो आणि बारक्या, तिघांचं मिळून काचेचं दुकान. खिडक्या, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. मोठी काच उचलायची तर दोन्ही टोकांना दोघं लागतात, आणि ते दोघं नेहमी हेच असायचे. डावं टोक थोरल्याचं, उजवं बारक्याचं. वडील पुढे उभे राहून चौकट सांभाळायचे आणि तोंडाने सारखं बजावायचे, की निसटलेली काच धरायची नाही, दोघांनीही सोडायची आणि मागे व्हायचं. लहानपणी पाढे पाठ करून घ्यावेत तसं त्यांनी हे पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. हात कापून घेण्यापेक्षा काच फुटलेली परवडली, असा साधा हिशेब होता.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी वाऱ्याचा झोत आला आणि काच निसटली. बारक्याने शिकवल्याप्रमाणे हात सोडले. थोरल्याने सोडले नाहीत. एवढी मोठी काच, मन धजावलं नाही, त्याने धरून ठेवली. सरळ खाली कोसळायची ती काच मग त्याच्या टोकाभोवती फिरली आणि वडील उभे होते तिकडे गेली.

"तू सोडलीस!" थोरला ओरडला होता. रस्त्यात, सगळ्यांसमोर. नंतर घरात, पोलिसांसमोर, वडील गेले म्हणून भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोरही तो तेच म्हणत राहिला. बारक्या काही बोलला नाही. एकदा फक्त त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. ते बघणं थोरल्याच्या मानगुटीवर बसलं होतं. कुठलीही काच पुसून उन्हात धरली की तिच्यात आपल्या तोंडामागे अजून एक तोंड आहे असं त्याला वाटायचं. म्हणून तो हल्ली तोंड फिरवूनच काच पुसायचा.

मोठी कामं त्याने बंद करून टाकली. मदतीला माणसं मिळत नव्हती असं नाही. एक-दोघांना ठेवूनही बघितलं. पण काच उचलायची वेळ आली की उजव्या टोकाला परक्याचे हात दिसायचे आणि तो काच तशीच खाली ठेवायचा. त्याला तिथे बारक्या हवा होता. दुसरं काहीही नको होतं, बारक्या हवा होता. पण हे बोलायचं तर आणखीही बरंच बोलावं लागलं असतं, म्हणून तो बायकोजवळही बोलला नव्हता.

बाटलीचं झाकण लावून होतंय न होतंय तोच बाहेर अंधारून आलं. वारा सुटला, आणि बघता बघता पावसाने असं काही झोडपायला सुरुवात केली, की थोरला धावत जाऊन खिडक्या लावेपर्यंत कट्टा भिजून गेला. आईच्या खोलीतली खिडकी लावली तरी काच खडखडत राहिली. तिला चौकटीत धरून ठेवणारी पुट्टी निघाली होती. नवरा काचवाला असून घरातली काच खुळखुळ्यासारखी वाजते, असं बायको येताजाता टोमणे मारायची, आणि थोरला उद्या करतो म्हणायचा.

"आज कामावर गेला नाहीस ते बरं झालं," आई म्हणाली.

"हो ना. चौकट ओली झाली की काच चिकटवायचं सिलिकॉन धरत नाही. पुसून काढली तरी नाही."

"माहितीये. उभी हयात काचवाल्याच्या घरात गेली माझी."

पट्टीखालचा तिचा चेहरा लहान दिसत होता. मग तिने हात लांब करून स्टूल चाचपलं.

"बारक्याकडे काय आहे रे?"

थोरल्याने फोन सुलटा केला. बारक्या. चोवीस. मुसळधार पाऊस, विजांचा कडकडाट. त्याने ते वाचलं आणि आईकडे पाहिलं. आता ही कुढत बसणार. रडणार. डोळ्याचं मातेरं होणार. त्याहीपेक्षा, तो कुठल्या कुठे एकटा पावसात भिजत असेल, हे त्याला स्वतःलाच सांगवेना.

"ऊन आहे," तो म्हणाला.

"ऊन?"

"हो. लख्ख ऊन. वाराही बेताचाच. छान आहे त्याच्याकडे."

खिडकीची काच खडखडत होती. लांब कुठेतरी वीज पडल्याचा आवाज आला.

"मग हे काय वाजतंय?" तिने विचारलं.

"हा इथला पाऊस आहे, आई. मी त्याच्याकडचं सांगतोय."

"मीही त्याच्याकडचंच विचारतेय."

थोरल्याला काही कळेना. औषधाने ती जरा भ्रमली असेल असं त्याला वाटलं. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. ताप नव्हता. आईने तो हात बाजूला केला आणि तसाच धरून ठेवला.

"नावावर बोट ठेव," ती म्हणाली.

"कशावर?"

"बारक्याच्या नावावर. दाब."

"अगं, तूच म्हणतेस ना, जाईल म्हणून."

"जात नाही. दाब म्हणते ना."

त्याने दाबलं. पट्टी उलगडून पूर्ण स्क्रीनभर झाली. वर मोठ्या अक्षरांत बारक्या, आणि त्याखाली बारीक अक्षरांत खऱ्या जागेचं नाव. ते त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. समुद्राकाठचं गाव नव्हतं ते. नदीपलीकडचा भाग होता, याच शहरातला. पूल ओलांडला की डाव्या हाताला. तिथल्याच गोदामातून तो काच आणायचा. गेल्या आठवड्यातही टेम्पो घेऊन गेला होता, गोदामासमोर चहा प्यायला होता. तिथे उभं राहून इकडेतिकडे बघितलंही असेल. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"तुला कधीपासून माहितीये?"

"पहिल्या महिन्यापासून. इथे पाऊस आला की बारक्याकडे पाऊस. इथे धुकं पडलं की त्याच्याकडे धुकं. थंड गाव म्हणे! इथे आम्ही उकाड्याने हैराण, आणि त्याच्याकडे चाळीसला टेकलेलं. म्हटलं, बघू तरी. दाबून बघितलं, तर हे." ती किंचित हसली. "त्याला मला फसवायचं नव्हतं रे. तुलाच फसवायचं होतं."

"आणि तू मला हातही लावू दिला नाहीस."

"नाही दिला."

"भेटलीस त्याला?"

"नाही. चोरून कशाला भेटू? एका पोराला भेटायला जाताना दुसऱ्याला खोटं सांगायचं, हे मला जमलं नसतं."

"मग बोलायचंस ना मला!" थोरल्याचा आवाज चढला. "दोन वर्षं, आई! दोन वर्षं इथेच, पुलापलीकडे, आणि तू रोज सकाळी ऊन आहे नि ढग आहेत सांगत बसलीस."

"काय बोलू? बोलले असते तर तू गेला असतास, नाहीतर गेला नसतास." आईचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसा. "गेला नसतास, तर मग मला काय राहिलं असतं? त्यापेक्षा हे बरं होतं. रोज कळायचं तरी."

थोरला खाली मान घालून बसला. फोनवरचं नाव थोड्या वेळाने आपोआप मंद झालं आणि स्क्रीन काळी पडली. तिच्यात त्याला आपलं तोंड दिसलं. या वेळी त्याने ते वळवलं नाही. बघत राहिला. मागे दुसरं कुणी नव्हतं, खिडकी होती आणि पावसाने वाहणारी काच.

"आज का सांगितलंस मग?" त्याने हळूच विचारलं.

"तू ऊन आहे म्हणालास म्हणून."

एवढं बोलून ती कुशीवर वळली. त्याला वाटलं, झोपली. तो तसाच बसून राहिला. बोटं आपोआप डाव्या हाताच्या तळव्यावरून फिरत होती. काच धरून ठेवली होती तेव्हाचा व्रण तिथे होता, आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बारक्याच्या हातावर असा व्रण नव्हता. दोघांचे हात बघितले असते तर काच कुणी धरून ठेवली ते कळलं असतं, पण कुणी कधी बघितलंच नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "त्या दिवशी काच..."

"मला नको सांगूस."

त्याने तळवा मिटून घेतला.

"मला सांगून काय उपयोग?" ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. मग जरा थांबून, "अजून किती वेळ आहे म्हणतोय तो फोन?"

थोरल्याने फोन पुन्हा उजळवला. ढगांची रांग संध्याकाळपर्यंत गेली होती, एकाखाली एक, प्रत्येकातून थेंब गळत होते.

"अंधार पडेपर्यंत आहे."

"इथे?"

"इथे. आणि बारक्याकडे."

"काचेचंच काम करत असेल तो. दुसरं येतंय काय त्याला!" आईने चाचपडत पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं. "आणि पावसात काच कोण बसवतं? घरीच असेल."