नावाड्याच्या कवितेला मी चाल धरली

मी डबल बास बोलतोय. म्हणजे व्हायोलिनचा थोरला चुलता समजा. उंची माणसाहून वीतभर जास्त, चार जाड तारा, आवाज खर्जातला. बोलायची हौस मला नाही. पण आमच्या गाणाऱ्या ताईने फर्मान काढलं की गाण्याच्या मंडळाच्या पुस्तिकेत सगळ्या वाद्यांनी आपापलं लिहायचं. ट्रंपेटने चार पानं भरली. त्याचं काय, त्याला सगळं तोंडच आहे. मी शाळेत काढली ती वर्षं अडगळीच्या खोलीत. तेव्हा माझं शुद्धलेखन तपासत बसू नका.

मला घडवलं एका नाव बांधणाऱ्याने. वाद्य त्याने जन्मात एकच केलं. म्हणून माझी पाठ होडीच्या बुडासारखी फुगीर आहे. मग वीस वर्षं एका हॉटेलात नाचणाऱ्यांना ठेका दिला. लोक माझ्या आवाजावर पाय टाकायचे आणि टाळ्या गाणारीला द्यायचे. माणसाची जातच तशी. हॉटेल बंद पडलं, कुणीतरी मला शाळेला देऊन टाकलं, शाळेने मोडक्या बाकांशेजारी उभं केलं.

भिंतीपलीकडे मास्तरांचा वर्ग होता. दोनशे वर्षांपूर्वीची नावाड्याची कविता ते शिकवायचे, टेबलावर पट्टी आपटत. ठक ठक ठक ठक. पोरं त्या ठोक्यावर ओरडायची. एक मुलगी मात्र चौथ्या कडव्याला अडायची. 'दिवा हालवी कोण पैल तीरावर' इथवर यायची आणि गप्प. मास्तर म्हणायचे, "बाकावर उभी राहा." घंटा होईस्तोवर ती उभी. भिंतीअलीकडे मीही उभाच.

पुढे शाळेची दारं दुरुस्त करायला एक सुतार आला. मला बघून म्हणाला, "हे जळणात घालणार? अक्कल गहाण टाकलीय का?" घरी नेलं, माझी तुटलेली मान पलंगाच्या पायाने जोडली आणि स्वतःच वाजवायला शिकला. त्याची थोरली बहीण म्हणजे ताई. भिंतीपलीकडची मुलगी तीच, हे मला तिने तोंड उघडताच कळलं.

ताईच्या डोक्यात खूळ शिरलं की शाळेत पाठ केलेल्या जुन्या कविता गायच्या. चाली आईच्या, ती धुणं धुताना म्हणायची तसल्या. आणि खाली जॅझ. तिचा नवरा ड्रम वाजवतो. त्याला सुतार दाजी म्हणतो.

"कवितेला जॅझ म्हणजे आजोबांना बूट घालून पळवायचं," दाजी म्हणाले.

"पळतील की. तुम्ही आधी ठेका सांभाळा," ताई म्हणाली.

बाकी कविता मजेत बसल्या. नावाड्याची बसेना. चौथं कडवं आलं की ताई तिथेच अडायची. तालमीत सात वेळा तेच. तिला कविता येत होती हो, भाजी निवडताना अख्खी म्हणायची. पण ठेका सुरू झाला की पट्टी ऐकू यायची.

"कार्यक्रमातून काढून टाकू," दाजी म्हणाले.

"काढली तर मी जन्मभर त्या बाकावर उभीच," ताई म्हणाली, आणि शेंगा सोलायला निघून गेली.

कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात, भर दुपारी. पहिल्या रांगेत मास्तर. आता काठी टेकत चालतात, पण मांडीवर पुस्तक उघडं आणि बोट ओळीवर. ताईने ते बोट पाहिलं.

तीन कडवी झाली. "दिवा हालवी कोण पैल तीरावर," आणि ताई थांबली.

दाजींच्या काठ्या हवेतच राहिल्या. बायकोचा चेहरा बघून माणूस दगड झाला. ट्रंपेटचं तोंड पहिल्यांदाच बंद. सुताराचा हात मात्र थांबला नाही. त्याने तोच तुकडा माझ्यावर पुन्हा धरला. मग पुन्हा. वाट बघायची, पण चालत राहून बघायची, ही जॅझची रीत. ताई मागे सरकली आणि तिची पाठ माझ्या बाजूला टेकली. मी अंगातला होता नव्हता तेवढा खर्ज बाहेर काढला. तिच्या पाठीच्या कण्यातून तो वर चढला असणार.

मास्तरांनी ओठ हलवले, सांगायला. सुताराने नुसती मान हलवली, नको म्हणून. चौथ्या फेरीला ताईने शब्द उचलला, आणि असा उचलला की मागच्या रांगेतल्या आज्ज्यासुद्धा पाय आपटायला लागल्या. दाजी कुठेतरी मध्येच आत घुसले. शेवटचं कडवं लोकांनी तीनदा म्हणायला लावलं.

मास्तर काठी टेकत आले. "एक शब्द बदललास."

"बदलला नाही, मास्तर. विसरले आणि सुचला तो घातला."

ते हसले. मग म्हणाले, "तुला उभं करत होतो ते चुकलं माझं. बसवून गायला लावायला हवं होतं." ताईने त्यांना खुर्ची दिली, आणि दोघांनी बसून ती कविता पुन्हा म्हटली, हळू, पट्टीबिट्टी काही नाही.

आता मी सुताराच्या कामाच्या खोलीत असतो. अंगावर भुसा बसतो, पण रोज कुणी ना कुणी येऊन तारा छेडतं. नवी कविता बसवायला घेतलीय. मजेत आहे. मान दुखते, ती दुखणारच. वाचणाऱ्यांनो, एवढंच करा, गाणं ऐकताना एखादवेळी खर्जाकडेही कान द्या.

आणि एक राहिलं. वर्तमानपत्राचा बातमीदार आला तेव्हा ताईच्या शेजारी उभं राहून, छाती फुगवून, "ती चार फेऱ्यांची युक्ती माझीच" असं कोण म्हणालं, हे मी ऐकलंय. माफी अजून यायची आहे. दाजींकडून.