पारव्याचं बूच

धाकट्या सुनेचं एक वागणं आक्काला आल्या दिवसापासून सलत होतं. गॅरेज घरचं, घराला लागूनच, दारावर पारवा गाडीचा हा एवढा थोरला बोर्ड. आणि ही बाई स्वतःचा पारवा घेऊन त्याच दारावरून सरळ पुढं जायची. कुठं, तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका परक्या गॅरेजात. तेल बदलायचं तिकडे, टायर तिकडे, साधं वायपरचं रबर घालायचं तरी तिकडेच. वर जाताना हॉर्न वाजवून हसून हात करायची. चोरून गेली असती तर आक्कानं एक वेळ गिळलंही असतं.

"डॉक्टरच्या घरची माणसं औषधाला दुसऱ्याच्या दवाखान्यात जायला लागली, तर लोक काय म्हणतील?" आक्का थोरल्याला विचारायची. थोरला म्हणजे तिचा मोठा मुलगा. गॅरेज तोच चालवायचा आणि बहुतेक वेळ गाडीखाली आडवा असायचा.

"म्हणतील, डॉक्टर बरा नाही," खालून आवाज यायचा.

"तू खालीच राहा," आक्का म्हणायची.

धाकट्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तो फिरतीच्या नोकरीवर, घरी यायचा तो झोपायला. आणि सुनेला थेट विचारायचं म्हणजे आपल्याला लागलंय हे कबूल करायचं. तेवढं आक्काच्या रक्तात नव्हतं. ती शाळेत जेमतेम अक्षरं जोडायला शिकली होती, पण मान कसा राखायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या गॅरेजाचा आणि पारव्याचा संबंध जुना. पारव्याची कंपनी मुळात पाण्याचे पंप करायची. आक्काचा नवरा हसत सांगायचा, पंपानं लग्न करायचं ठरवलं, त्याला चार चाकं लावली आणि वर पत्र्याची पेटी ठेवली, झाला पारवा. पहिला पारवा दिसायला तसाच होता. दार लावलं की तिसऱ्या घरातल्या माणसाला कळायचं कोण आलंय. पण चालायला एकदम इमानी. गावातल्या सुईणीनं एकच पारवा सगळा जन्म वापरला. तिच्या हातून जन्मलेली पोरं मोठी होऊन तोच पारवा ढकलायला यायची, पण ढकलायची वेळ फारशी आली नाही. बर्फासारख्या थंडीत एका किल्लीत सुरू व्हायचा. चिखलात रुतला तर बैलासारखा स्वतःहून बाहेर यायचा.

खोड एकच. रेडिएटर तोकडा होता. चढ लागला की गाडी तापायची.

आक्काच्या नवऱ्यानं त्यावर इलाज काढला. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिनातलं पाणी गरम होईपर्यंत ती वाट अडवून बसते आणि मग हळूहळू उघडते. गॅरेजात तिला सगळे बूच म्हणायचे. नवरा म्हणाला, ज्या गाडीला आधीच गार पाणी पुरत नाही तिची वाट अडवायची कशाला? त्यानं बूच काढून टाकलं, आणि पारवा चढावर तापायचा थांबला.

तेव्हापासून रीतच पडली. नवा पारवा गावात आला की पहिल्यांदा या गॅरेजात यायचा. मालकाला खुर्ची, चहा. थोरल्यानं बूच काढायचं, आक्कानं ते फडक्यानं पुसून मालकाच्या तळहातावर ठेवायचं आणि म्हणायचं, "आता झाली गाडी घरची." त्याचे पैसे नाहीत. नवरा गेल्यावरही आक्कानं ही रीत सोडली नाही. उलट अजून नेटानं धरली. गावात कितीतरी घरी ती बुचं होती. कुणी त्याला किल्ल्या अडकवायचं, कुणी कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायचं.

पुढं कंपनीत भावाभावांत बेबनाव झाला आणि कंपनी विकली गेली. नाव तेच, पुढच्या बाजूला तोच पंख मिटून बसलेला पक्षी, पण आत इंजिन नवीन. दार लावलं तर आवाजच नाही. लोकांनी हौसेनं घेतल्या गाड्या. आणि त्या चढावर तापायला लागल्या. जुन्या पारव्यापेक्षा वाईट. दवाखान्याच्या चढावर रोज कुणीतरी बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून उभा दिसायचा. पोरं त्या गाडीला किटली म्हणायला लागली.

आक्कानं निकाल देऊन टाकला होता. "कंपनी विकली त्या दिवशी पारवा मेला. आता नुसतं कातडं फिरतंय."

"माझ्या मेव्हण्याचा तापत नाही," बेकरीवाला म्हणायचा. हा बेकरीवाला म्हणजे गावभर पाव पोचवणारा माणूस. गाडी बंद पडली की त्याचा सगळा दिवस बंद. "त्याच्या गावाला तर आपल्यापेक्षा उंच डोंगर आहेत."

"मेव्हणे काय वाटेल ते सांगतात," आक्का म्हणायची. "तुला बहीण देऊन बसलाय का तो? मग त्याला बढाई मारायला काय जातंय."

"आक्का, मीच त्याला बहीण दिलीय."

"मग तर ऐकूच नकोस."

हसण्यावारी जायचं, पण गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं. पारवा विकून लोक दुसऱ्या गाड्या घ्यायला लागले. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन थोरल्याला भेटून गेला: आमच्या गाड्यांचं काम घ्या, आमचा बोर्ड लावा, पारव्याचा उतरवा. सोमवारी तो उत्तर घ्यायला येणार होता.

"बोर्ड उतरला तर मी गॅरेजात पाय ठेवणार नाही," आक्का म्हणाली.

"आई, नाही उतरला तर गिऱ्हाईक पाय ठेवणार नाही." थोरला या वेळी गाडीखालून बाहेर येऊन, हात पुसत, तिच्यासमोर उभा राहून बोलला. त्यामुळं तिला कळलं की हा आता खरंच थकलाय. "बाबांचा बोर्ड आहे, मला काय हौस आहे का? पण रोज लोकांच्या शिव्या मी खातो. तू नाही."

आक्काला रात्रभर धड झोप लागली नाही. शनिवारी सकाळी सून कामाला निघाली. ती डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स होती. आक्का पायऱ्या उतरली, गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसली.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय. चल, बघू तरी तू रोज कुठं जातेस."

मनातला हेतू वेगळा होता. बोर्ड जाणार, हे तिनं मनाशी जवळजवळ धरलं होतं. पण जायच्या आधी या बाईला एकदा विचारायचं होतं, की आमच्या हाताला तुला एवढी किळस का? आणि चालत्या गाडीतून कुणाला हात करून पळता येत नाही.

चढ लागला. आक्का तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर समोरच्या तबकड्यांवर गेली. तापमानाचा काटा बरोबर मध्ये होता. ती बघत राहिली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, काटा हलेना.

"हा काटा बिघडलाय."

"नाही आई. तो तिथंच असतो."

"चढावर पण?"

"रोज."

पुढच्या वळणावर वाफ दिसली. बेकरीवाल्याचा पारवा रस्त्याच्या कडेला उभा, बॉनेट वर, आणि तो स्वतः दगडावर बसलेला. रंग सोडला तर दोन्ही गाड्या जुळ्या, एकाच साली घेतलेल्या. आक्कानं सुनेला गाडी थांबवायला लावली.

"या आक्का," बेकरीवाला म्हणाला. "पाव गाडीतच परत भाजून निघताहेत, घ्या एखादा."

आक्कानं इंजिनाजवळ हात नेला तर आच लागत होती, झाकणाखालून फसफस चालली होती. ती पुढं आली, वाकली, आणि जाळीतून बोटं घालून रेडिएटरला टेकवली. मग सगळा पंजा टेकवला.

"काय बघताय?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"गप."

रेडिएटर कोमट होता. तान्ह्या बाळाला आंघोळ घालता येईल इतका कोमट. मागं इंजिन उकळतंय आणि पुढं हे असं. एवढी वर्षं तिनं तापलेल्या गाड्या बघितल्या होत्या. जुना पारवा तापला की आधी रेडिएटर हात भाजायचा. म्हणजे इथं पाणी पोचतच नव्हतं. कुठंतरी आतल्या आतच फिरत होतं.

ती ताठ उभी राहिली आणि सुनेकडे वळली. "तुझ्या गाडीचं बूच कुणी काढलं?"

सून म्हणाली, "कुणीच नाही. आहे आत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. लग्न झालं तेव्हा यांनी सांगितलं, आई स्वतः बूच काढून हातावर ठेवतात. माझी गाडी माहेरी नीट चालत होती, मला काढायचं नव्हतं. पण मी आले तेव्हा तुम्ही खुर्ची मांडून बसला होतात. तुम्हाला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, आज ड्यूटी आहे."

"आणि मग रोजच ड्यूटी."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, आई. शंका होती. माझी तापत नाही, बाकीच्यांच्या तापतात, एवढंच दिसत होतं. म्हटलं, मी नर्स, मला गाडीतलं काय कळतं. आणि बाबांची रीत आहे."

बेकरीवाला एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. पाव द्यायला तो विसरून गेला होता.

गाडी निवल्यावर, पाणी भरून, बेकरीवाल्यानं ती हळूहळू उतारानं गॅरेजात आणली. आक्का त्याच्या शेजारी बसून आली. उतरताच तिनं थोरल्याला सुट्या भागांच्या कपाटातून एक जुन्या पारव्याचं आणि एक नव्याचं बूच आणायला सांगितलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. इतकी बुचं या घरात निघाली, पण दोन्ही तऱ्हेची एकमेकांशेजारी कुणी कधी ठेवली नव्हती. काढायचं आणि द्यायचं, एवढंच ठाऊक.

"जुन्याला वर एक चकती," आक्का म्हणाली. "नव्याला खाली पण एक. ती कशाला?"

थोरल्यानं बूच उचललं, डोळ्यांजवळ नेलं, इंजिनात जिथं बसतं तिथं बोट घालून बघितलं. त्याचा चेहरा उतरत गेला. "वरची चकती रेडिएटरची वाट उघडते," तो सावकाश म्हणाला, "आणि त्याच वेळी खालची चकती ही पाणी परत इंजिनात वळवणारी आडवाट बंद करते. बूच नसलं की आडवाट सताड उघडी. पाणी रेडिएटरकडे जातच नाही फारसं, इथल्या इथंच गरगरतं. आई, म्हणजे आपणच..."

"बोलत बसू नकोस. बसव."

"बाबांनी सांगितलेलं..."

"तुझ्या बाबांनी जुना पारवा बघून सांगितलेलं, आणि ते बरोबरच होतं. नवा त्यांनी बघितला असता तर पहिल्या दिवशी उघडून पाहिला असता. आपण उघडला आणि पाहिला नाही. बसव आता."

थोरल्यानं बूच बसवलं. आक्कानं बेकरीवाल्याला मागं पिठाची पोती भरायला लावली, उगाच हलक्या गाडीवर परीक्षा नको. मग तिघं निघाली. चढ लागला. आक्काची नजर काट्यावर, बेकरीवाल्याची काट्यावर, मागं पोत्यांत बसलेल्या थोरल्याची दोघांच्या मधून काट्यावर. आक्का म्हणाली, "रस्त्याकडे एकानं तरी बघा." सकाळी जिथं वाफ निघाली होती ते वळण गेलं. दवाखाना गेला. रस्ता संपला तिथं, टाकीपाशी, बेकरीवाल्यानं गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं. काटा मध्येच होता.

"गाडी चांगली निघाली याचं बरं वाटतंय," बेकरीवाला शेवटी म्हणाला. "पण मेव्हणा खरं बोलत होता, हे कसं पचवू?"

मागं थोरला हसला. बऱ्याच दिवसांनी हसला तो. आक्का पुढं बघत राहिली, पण तिनं पदरानं नाक पुसलं.

सोमवारी दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याला आक्कानं चहा दिला आणि बोर्ड राहणार म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा विचार करा. आक्का म्हणाली, बरेच दिवस विचार न करता बसलो होतो, आता झाला करून.

मग ती फोन घेऊन बसली. ज्यांच्या ज्यांच्या तळहातावर तिनं नव्या पारव्याचं बूच ठेवलं होतं, त्या सगळ्यांना एकेक करून सांगितलं: "पारव्याचा दोष नाही. आम्ही बिघडवला होता. गाडी घेऊन ये, बूच असेल तर ते पण आण." काही हसले. एकानं फोनवरच तोंडाला येईल ते ऐकवलं, आक्कानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ज्यांनी गाडी विकून टाकली होती त्यांना काय सांगावं हे तिला कळलं नाही, तरी तिनं त्यांनाही फोन केला. आणि गाड्या येऊ लागल्या. गॅरेजासमोर रस्त्यापर्यंत रांग लागली. थोरल्याला गाडीखाली आडवं व्हायची उसंत मिळेना, सगळं काम वरच्या अंगानं.

त्या रांगेच्या शेवटी एके दिवशी संध्याकाळी सुनेचा पारवा येऊन थांबला. हॉर्न नाही, हात नाही. ती उतरून दारापाशी आली आणि म्हणाली, "आई, तेल बदलायचंय."

बेकरीवाला तिथंच होता, त्याचं तिथं काही काम नव्हतं. आक्का उठली, सुनेसमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तुझं चुकलंय. गाडी दुसरीकडे नेलीस ते नाही, त्यात तू शहाणीच ठरलीस. तोंड शिवून बसलीस, ते चुकलं. सासूला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलीस आणि इकडे माणसं चढावर अडकत राहिली. अगं, वाईट वाटून सासू मरत नाही. मला नाही म्हणायची तुझी छाती झाली नाही, यात माझाही वाटा आहे, तो माझा मी बघेन. पण आजपासून या घरात मला नाही म्हणायचं काम तुझं. मी कितीही डोळे वटारले तरी म्हणायचं. आता गाडी आत घे. आणि थोरला त्यातलं काहीही काढायला लागला, तर आधी त्याला कशाला ते विचार. मी काढायला सांगितलं असलं, तर मला विचार."