थोरला पाय

मावशीचं लग्न झालं, त्या वर्षी ताईच्या भावाला पोलिओचा ताप आला. लग्नात घरभर पळणारं तीन वर्षांचं पोरगं चौथ्या दिवशी उभंच राहीना. आठवडाभर पाजलेलं दूध नाकातून परत यायचं. ते थांबलं, ताप उतरला, पण जाताना उजव्या पायातला जीव घेऊन गेला.

वडिलांनी दोन्ही पायांना नावं ठेवली. वाळका उजवा तो धाकटा आणि धडका डावा तो थोरला. "थोरल्यानंच ओढायचं असतं," असं म्हणायचे आणि नऊ वर्षांच्या ताईकडे बघायचे. आई कामावर जायची, म्हणून पायाचा व्यायाम ताईच्या गळ्यात पडला. दवाखान्यातल्या बाईनं दाखवलं होतं तसं ती घोट्याला वाळूची पिशवी बांधायची आणि पाय वर उचलायला लावायची. थकला म्हणून सोडायचं नाही, थकल्यावरच जोर येतो, असं त्या बाईनं बजावलं होतं. पोरगं रडकुंडीला आलं की ताई म्हणायची, "अजून दहा."

दोन वर्षांनी भाऊ काठी घेऊन चालू लागला. त्याला ताईनं उभा केला, असं सगळे म्हणत. तिच्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच. ते तिनं जन्मभर जपून ठेवलं.

भाऊ शिंपी झाला. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणू लागली. मशीनचं पायडल थोरला मारायचा, धाकटा नुसता शेजारी टेकून असायचा. अशी तीस-बत्तीस वर्षं गेली.

पन्नाशी उलटली आणि थोरला थरथरू लागला. एका बाहीला दोनदा थांबावं लागे. जिना चढताना मास्तर हातानं मांडी उचलून पायरीवर ठेवी. त्याच्या बायकोनं ताईला बोलावून घेतलं. ताई दोन गल्ल्या पलीकडेच राहायची. येताना ती वाळूची नवी पिशवी शिवून घेऊन आली.

"थोरला दमलाय गं," मास्तर म्हणाला.

"दमायला काय डोंगर चढून आलाय? दिवसभर बसून तर असतोस."

"मी बसलेला असतो. तो नसतो."

"अंग चोरायची सवय लहानपणापासूनच आहे तुला. उचल. अजून दहा."

ताई रोज सकाळी यायची. आठ महिने एक दिवस चुकला नाही. दर महिन्याला पाय आणखी ढिला पडत गेला, आणि तो ढिला पडतो म्हणून ताई पिशवीत वाळू वाढवत गेली. मास्तरची बायको एकदा म्हणाली, "ताई, राहू द्या ना आज." ताईनं ऐकलं नाही. पुढे कात्री हातातून निसटू लागली, पाणी पिताना ठसका लागू लागला. एका सकाळी पिशवी घोट्याला असतानाच मास्तर खुर्चीवरून खाली आला आणि त्याला उठता येईना.

मोठ्या दवाखान्यातल्या नसांच्या डॉक्टरनं पायात सुया घालून तपासलं. मग विचारलं, "डावा पाय चांगला होता, असं कुणी सांगितलं?"

"थोरला आहे तो," ताई म्हणाली. डॉक्टरला ते कळलं नाही.

त्यानं समजावून सांगितलं. त्या तापात नसा दोन्ही पायांच्या मेल्या होत्या, थोड्या हातांच्या, छातीच्या आणि घशाच्याही. डाव्या पायात ज्या उरल्या, त्यांनी फांद्या फोडून मेलेल्यांचं काम अंगावर घेतलं. पन्नास वर्षं दुप्पट राबल्या आणि आता एकेक करून बसत होत्या.

"अशा पायाला विश्रांती लागते. व्यायाम काय चालू होता?"

ताईनं सांगितलं. वाळू किती, तेही सांगितलं. डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. "दमेपर्यंत करून घ्यायला नको होतं," म्हणाला.

घरी परतल्यावर ताईनं पिशवी उसवली आणि वाळू अंगणात ओतली. शिलाई मशीनला विजेची मोटर बसवून झाली, पण ती चालवायलाही पायानं पायडल दाबावं लागतं. मास्तर ते टेबलावर ठेवून कोपरानं दाबायचा. महिनाभरात कोपरही दाबेनासा झाला.

"माझ्यामुळे झालं का रे?" तिनं एका दुपारी विचारलं. मास्तर तीन उशांना टेकून बसला होता, आडवं झालं की श्वास पुरत नसे.

"थोडं तुझ्यामुळे," तो म्हणाला. मग दम घेऊन, "चाललो तेही तुझ्यामुळेच. नाहीतर कोपऱ्यात बसून राहिलो असतो."

पहिलं वाक्य तो गिळेल, असं तिला वाटलं होतं.

मग पेज फुप्फुसात गेली आणि ताप चढला. शेवटच्या दिवशी प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर यायचे, पिशवी उचलताना यायचे तसेच. ताईनं त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुरे रे," ती म्हणाली. हा शब्द तिनं त्याच्यासाठी आधी कधीच वापरला नव्हता. "झालं तेवढं पुरे."

मावशीच्या लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, त्या वर्षी मार्चच्या नऊ तारखेला, मंगळवारी दुपारी पावणेचारला मास्तर वारला. तो चोपन्न वर्षांचा होता.